वाचनाची पाळी

१२ जानेवारी, सोमवार

चि. भिंगरी,

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा कामाचंच लिहितो. ख्यालीखुशाली तुझी आई दर रविवारी फोनवर घेते, स्वयंपाकघराचं दार लावून. बाहेर मला फक्त "हो का", "अगं बाई" आणि "जेवतेस ना नीट" एवढंच ऐकू येतं. त्यावरून मी तुझं आयुष्य जुळवत बसतो. तू शहराची बस चालवतेस हेसुद्धा मला असंच कळलं, "वळणावर सांभाळ गं" वरून. आपल्या घराण्यात आजवर कुणी सायकलसुद्धा धड चालवलेली नाही.

काम असं आहे. आपल्या चर्चमध्ये नवे फादर आलेत. आम्ही त्यांना धाकटे फादर म्हणतो. उत्साह दांडगा. चर्चच्या पत्रकात मी एकवीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, 'कठीण उतारे' लिहीत आलो, ते त्यांनी जुन्या कपाटातून शोधून काढले आणि आता पुस्तिका छापू म्हणतात. शास्त्रातल्या ज्या जागी साधा भाविक अडखळतो, त्या जागांवरची चिंतनं. टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांना शाप देणारा संदेष्टा आणि मग आलेली अस्वलं. हंगाम नसताना फळ नाही म्हणून वाळून गेलेलं अंजिराचं झाड. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येणार नाही, हे प्रभूचं बोलणं. अस्वलांचं चिंतन लोकांना सगळ्यात जास्त आवडलं होतं. ते माझ्या लिखाणामुळे की माझ्या टकलामुळे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

फादरांनी साठ निवडली आहेत. त्यात इफ्ताहवरचं आहे, नवसापायी आपली मुलगी देवाला वाहणाऱ्या सेनापतीवरचं. त्यात तुझा उल्लेख आहे. "माझ्या घरीही अशी एक मुलगी आहे," अशी सुरुवात करून, तू तान्ही असताना तापाने फणफणलीस, मी तुला देवाला वाहिलं, तू वाचलीस आणि वीस वर्षांची झाल्यावर आनंदाने मठात गेलीस, असा तो मजकूर. आता तू मठात नाहीस. तेव्हा तो ठेवू की काढू? एका शब्दात कळव. आईजवळ सांगितलंस तरी चालेल.

बाकी बरं आहे. कवळ्यांचं काम चालू आहे. नजर अधू झाली, पण हाताला सवय आहे. रविवारी 'आमेन' म्हणणाऱ्या निम्म्या तोंडांत माझे दात असतात, हे एक समाधान.

पाकिटावर पत्ता आई घालेल. मला ती तो दाखवत नाही. मीही मागत नाही.

तुझे बाबा


२ फेब्रुवारी, सोमवार

चि. भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी कामाचा आव आणला. पुस्तिकेचं खरं आहे, पण पुस्तिकेसाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. तो उल्लेख मी न विचारताच खोडला असता, कुणाला कळलंही नसतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणाने. डिसेंबरात तुमच्या मठातल्या स्वयंपाकघरातल्या सिस्टर माझ्याकडे आल्या होत्या. त्याच, ज्यांना तुम्ही सगळ्या घाबरायचात. तोंड धुताना त्यांची वरची कवळी बेसिनमध्ये पडली आणि मधोमध तडकली. सांधायला दोन तास लागतात. तेवढा वेळ त्या बाकावर तोंडाला रुमाल लावून गप्प बसल्या होत्या. मला वाटलं, दात नाहीत म्हणून लाजतायत. दात बसवले, त्यांनी दोनदा चावून बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "तुमच्या मुलीला त्या दिवशी वाचायला लावलं, ते बरं नाही झालं."

मला काही उमगेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

ते चिंतन छापून आल्यावर मी मोठ्या अभिमानाने एक प्रत तुमच्या मदरना पाठवली होती. तुमच्याकडे दुपारचं जेवण मौनात असतं आणि कुणीतरी एकीने उभं राहून काहीतरी वाचायचं असतं, हे मला माहीत होतं. मदरनी ते वाचायला काढलं. आणि त्या आठवड्यात वाचनाची पाळी तुझी होती. चाळीस जणी जेवतायत, आणि तू उभी राहून आपल्या बापाचं चिंतन वाचतेयस. "मुलीने तक्रार केली नाही. तिने बापाचा नवस आपला मानला." सिस्टर म्हणाल्या, तू शेवटपर्यंत वाचलंस, एक शब्द न गाळता. कागदाची घडी केलीस, खाली बसलीस आणि पानातलं सगळं संपवलंस. तीन महिन्यांनी तू मठ सोडलास.

हे तू घरी कधी सांगितलं नाहीस. आम्ही विचारलं कुठे म्हणा.

इफ्ताहची गोष्ट तुला पाठ असेल, तरी पुन्हा लिहितो. ती लिहिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. युद्धावर निघालेला सेनापती. जय मिळाला तर परत आल्यावर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते देवाला अर्पण करीन, असा त्याने नवस बोलला. जय मिळाला. दारातून पहिली आली ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत, नाचत. पुढे शास्त्र एवढंच सांगतं की त्याने नवस पूर्ण केला. तिचं नावही सांगत नाही. नव्या करारात मात्र तोच सेनापती विश्वासू माणसांच्या यादीत आहे. अडखळायची जागा ती हीच.

जुन्या धर्मपंडितांतल्या बहुतेकांनी आडपडदा न ठेवता म्हटलंय की मुलगी मारली गेली. नवस करणं हा मूर्खपणा, पाळणं हे त्याहून मोठं पाप, आणि यादीत तो आहे तो युद्धातल्या विश्वासासाठी, या करणीसाठी नव्हे. नंतरच्या काहींनी गोष्ट मऊ केली. मारली नाही, ती कुमारिका राहून देवाच्या सेवेत गेली, असं म्हणाले. मी दोन्ही मतं वाचली होती. चिंतनात मी मऊ तेवढं घेतलं. कारण ते मला सोयीचं होतं. आणखी सोय म्हणून शेवटी आजकालच्या मुलींना चार उपदेशाचे बोल सुनावले.

गोष्टीतलं आणखी एक मी त्या वेळी पाहिलंच नव्हतं. मुलगी दारात दिसल्यावर सेनापती काय बोलतो? हाय हाय, पोरी, तू मला खचवलंस, असं तो तिलाच म्हणतो. नवस त्याचा आणि दोष तिचा. तू एक बॅग घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हा मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." एकवीस वर्षं कठीण उतारे सोडवणारा माणूस मी. बॅग आत घेण्याइतकीही अक्कल मला नव्हती.

आता आजचं. काल रविवारी स्वयंपाकघराचं दार नीट लागलं नव्हतं. "गाठ" ऐकू आलं. "तारीख" ऐकू आलं. फोन ठेवून आई बाहेर आली. तिने सगळं सांगितलं. तू सांगू नकोस म्हणाली होतीस, तिच्यावर रागावू नकोस. गाठ लवकर काढा असं डॉक्टर सांगतायत आणि तू दोनदा तारीख घेऊन दोनदा गेली नाहीस. आणि म्हणालीस म्हणे, "नवसाने मिळालेलं आयुष्य, नवस मोडला. आता ज्याचं त्याला परत न्यायचं असेल तर मी कशाला ओढाताण करू?" नऊ वर्षांत साधा ताप आला तरी तुला हेच वाटत आलंय, असंही आई म्हणाली.

भिंगरी, असं करू नकोस. तारीख घे.

मला तुला एक सांगायचंय. आज जमत नाही. हात दुखतोय असं लिहिणार होतो, पण हात दुखत नाहीये.

बाबा


५ फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरी,

परवा थोरल्या फादरांकडे गेलो होतो. ते आता निवृत्त आहेत. आपल्या चर्चच्या मागच्या खोलीत राहतात, कानाला यंत्र, गुडघ्यावर घोंगडी. त्यांनीच माझं लग्न लावलं, तुझा बाप्तिस्मा केला. आधी पुस्तिकेच्या गप्पा मारल्या, मग हवापाण्याच्या. ते कंटाळले. म्हणाले, "कबुली द्यायला आलायस ना? मग दे की. मला तीन वाजता औषध घ्यायचंय."

दिली. बत्तीस वर्षं त्यांच्यापुढे गुडघे टेकतोय, पण ही गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. ऐकून म्हणाले, "हे पहिल्यांदा ऐकायचा हक्क माझा नाही. जा, मुलीला सांग." तर ऐक.

तू आठ महिन्यांची होतीस. तुला ताप आला हे खरं आहे. चार दिवस होता. पाचव्या दिवशी उतरला आणि तू भिंत धरून उभी राहायचा खटाटोप पुन्हा सुरू केलास. त्या चार दिवसांत मी प्रार्थना केली, सगळेच करतात, पण नवस वगैरे बोललो नाही. डॉक्टरही विशेष काळजीत नव्हते. गुलाबी रंगाचं गोड सिरप होतं. तुला इतकं आवडलं की बाटली संपल्यावर तू रडलीस.

त्यानंतर अकरा दिवसांनी माझं पोट दुखायला लागलं. मी अंगावर काढलं. अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, पण विष आत पसरलेलं होतं, ताप हटेना. शेजारच्या खाटेवर एक सुतार होता, माझ्याच वयाचा, माझ्याच दुखण्याचा. सकाळी त्याने मला वर्तमानपत्राचं अर्धं पान दिलं होतं. दुपारी भेटीच्या वेळेआधी तो गेला. त्यांनी पडदा ओढला. पडद्याखालून मला लोकांचे पाय दिसत होते. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि मला मरायचं नव्हतं.

तेव्हा मी म्हणालो, "मला उठव. मुलगी तुला देतो."

तूच का? विचारायचा तुला हक्क आहे. माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खोटं आहे ते. मी दारू सोडतो म्हणू शकलो असतो, जन्मभर शुक्रवारचा उपास धरतो म्हणू शकलो असतो. नाहीतर उरलेलं आयुष्य आजाऱ्यांच्या सेवेत घालवीन, असं स्वतःलाच देऊ शकलो असतो. पण घाबरलेला माणूस घरातली सगळ्यात चांगली वस्तू आधी पुढे करतो. बघ, वस्तू म्हणालो.

तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला.

घरी आल्यावर हे सांगायची लाज वाटली. स्वतःचा जीव वाचावा म्हणून पोर वाहून टाकली, असं कुठला बाप कुठल्या तोंडाने सांगेल? पण नवस तर गळ्यात पडला होता. मग मी तुझा ताप पुढे केला. पोर तापात होती तेव्हा बोललो, असं तुझ्या आईला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. तीही तेव्हा प्रार्थना करतच होती. बारा वर्षांची झाल्यावर तुला सांगितलं, "तू देवाची आहेस, त्याने तुला परत दिलंय." तू केवढे डोळे केलेस. तेव्हापासून तू जिन्यावरून उड्या मारायचं बंद केलंस. जीव उसना आहे, जपून वापरायला हवा, असं तुला वाटलं असणार. मी मात्र शेजाऱ्यांना सांगत होतो, बघा कशी गुणी झाली.

तर तू नवसाने जगलेली नाहीस. तू सिरपने बरी झालीस. नवसाने कुणी जगलं असेल तर ते मी. परत न्यायचं असेल तर त्याने मला न्यावं, मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि माझी पुष्कळ झाली. तुझ्या गाठीचा माझ्या बोलण्याशी काही संबंध नाही. ती नुसती गाठ आहे आणि डॉक्टर ती काढू शकतात.

थोरल्या फादरांचं आणखी एक सांगायचं राहिलं. माझं सगळं ऐकून त्यांनी डोळे चोळले. म्हणाले, "अरे, नवस बोलणाऱ्यालाच बांधतो. दुसऱ्याच्या नावाने बोललेला नवस त्या दुसऱ्याला मुळी लागूच होत नाही. चर्चचा साधा नियम आहे, पहिल्या वर्षीच शिकवतात. ती पहिल्या दिवसापासून मोकळी होती." मी म्हणालो, "फादर, मला हे कुणी सांगितलं नाही." ते म्हणाले, "तू विचारलंस कधी? तू तर आम्हाला शास्त्र समजावत होतास."

हे पत्र मी उघडंच आईकडे देणार आहे. आधी वाच आणि मग पत्ता घाल, असं सांगणार आहे. तिलाही आजच कळेल.

बाबा


९ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी,

फोनवर तुला इकडचं काही दिसलं नसेल, म्हणून सांगतो.

गुरुवारी आईने पत्र वाचलं. घडी करून पदराआड ठेवलं. मग तीन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. जेवण वेळेवर वाढलं, मीठ मागितलं तर मीठ दिलं. शनिवारी एकदाच म्हणाली, "बत्तीस वर्षं मी त्या तापाचे आभार मानत आले हो. माझं दूध कमी पडलं म्हणून ताप आला, आणि तुमच्या नवसाने उतरला, असं समजत होते."

मला वाटलं होतं, पत्र टपालात पडलं. रविवारी सकाळी ती मिस्साहून आली, चष्मा लावला, फोन लावला, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं टाकलं. सताड. मी समोरच माझ्या टेबलाशी होतो, हातात कुणाच्या तरी खालच्या कवळीचं मेण. "टपालाला चार दिवस लागतील," ती तुला म्हणाली. "तेवढा वेळ नाही. ऐक, वाचते." आणि वाचायला लागली.

विजेचं बिल वाचावं तसं वाचलं तिने, ना चढ ना उतार. एक शब्द गाळला नाही. "घाबरलेला माणूस घरातली सगळ्यात चांगली वस्तू" इथे मी उठायला लागलो, तर तिने चष्म्यावरून नुसतं बघितलं. मी परत बसलो. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं, ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. मेण हातात मऊ पडून गेलं. त्या गृहस्थाचं माप पुन्हा घ्यावं लागणार. तुला तर उभं राहून वाचावं लागलं होतं, आणि नंतर जेवावंही लागलं. मी निदान बसलेला होतो.

वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि फोन कानाशी धरला. मग आई म्हणाली, "हो गं. खरंच, सिरपच. मीच पाजलं." मग, "आजच घे. आत्ता ठेवते, तू लगेच त्यांना फोन कर." पण ठेवला नाही. पुन्हा ऐकत राहिली, आणि मग फोनवर हात ठेवून दारात आली. "ती विचारतेय, तुम्ही दवाखान्यातून घरी आलात, तेव्हा तिला घेतलंत का?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

आईने तेच तुला सांगितलं असणार. मग दार लावून घेतलं.

गुरुवारची तारीख मिळाली, हे तिने रात्री जेवताना सांगितलं. ती उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघतेय. तिचे सांधे दुखतात, तिला जड उचलू देऊ नकोस. मी येऊ नये असं तू म्हणालीस, तेही तिने सांगितलं. बरोबर आहे. मी येणार नाही. धाकट्या फादरांना सांगितलं, पुस्तिका नको. ते हिरमुसले. एकच चिंतन काढून बाकीची छापू म्हणाले. मी म्हणालो, ज्याने एक उतारा इतका चुकीचा वाचला, त्याच्या बाकीच्या एकोणसाठांवर कुणी का विश्वास ठेवावा? अस्वलांचंसुद्धा नको.

हे पत्र आईच्या पिशवीत घालून देतोय. गुरुवारच्या आधी तुझ्या हातात पडावं, म्हणून घाईने लिहितोय. 'आठवत नाही' हे खोटं होतं. मला सगळं आठवतं.

सोळा दिवसांनी मला घरी सोडलं. गाडीतून उतरलो तेव्हा आई दारात उभी होती, तू तिच्या कडेवर. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांत तू मला विसरली असशील. तू विसरली नव्हतीस. मला बघून तू हसलीस, पुढचे दोनच दात होते, आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे अशी झेपावलीस की आईचा तोल गेला. मी म्हणालो, "नको, टाके दुखतील." टाके काढून पाच दिवस झाले होते. तू हात तसेच धरून ठेवलेस. मी तुझ्या बाजूने आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. तू रडलीस की नाही, मला माहीत नाही. मी वळून बघितलं नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर हे. नाही, मी तुला घेतलं नाही.

बाबा